उजेड बदला, दिवा विकू नका

आमच्या मेहकर-चिखली पट्ट्यात गेल्या काही वर्षांत बऱ्याच गावांतल्या मशिदी नव्यानं बांधल्या गेल्या. जुन्या मशिदी मातीच्या भिंतींच्या, वर धाबं. पावसाळ्यात मधल्या दोन सफ सोडून उभं राहावं लागायचं, कारण तिथे पाणी ठिपकायचं. जमात वाढली, लोकांच्या हातात चार पैसे आले, स्लॅब पडला, फरशी बसली, वजूखान्याला नळ आले. हे चांगलं झालं. व्हायलाच हवं होतं.

मला बोलायचंय ते एका लहानशा गोष्टीबद्दल. जुनी मशीद उतरवताना छताला जे दिवे टांगलेले होते, त्यांचं काय झालं? जिथे जिथे मी हे विचारलं, तिथे बहुतेक एकच उत्तर मिळालं, "सर, ते भंगारात दिलं." एका गावात कमिटीच्या एका बुजुर्गांनी हिशेबाची वहीच काढून दाखवली. लोखंडी दरवाजा, खिडक्यांचे गज, गळकी टाकी आणि 'झुंबर नग 1' हे सगळं एकाच ओळीत आणि एकाच वजनात लिहिलेलं. हिशेब चोख होता. आलेला पैसा न् पैसा मशिदीलाच लागला होता. कुणी काही लपवलेलं नव्हतं. तरी ती ओळ वाचताना वाटलं, गावाचं जे नुकसान झालं ते या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

आधी ही वस्तू कोणती, ते सांगतो. झुंबर म्हटलं की काचेच्या लोलकांचं, राजवाड्यातलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. आमच्या खेड्यांत तसं फारसं नव्हतं. आमच्याकडे काचेच्या हंड्या होत्या, भिंतीवरचे दिवे होते, आणि लोक ज्याला सरसकट झुंबर म्हणत ते बिडाच्या सांगाड्याचे टांगते दिवे होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घरातला बिडाचा तवा ज्या धातूचा, त्याच धातूचे हे दिवे. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं की वेल, पानं, कमळ, कमान अशी हवी ती नक्षी त्यात उतरते. नमुना एकदा तयार झाला की तीच नक्षी शंभर वेळा काढता येते. म्हणून एकोणिसाव्या शतकात बीड हे सामान्य माणसाच्या आवाक्यातलं सजावटीचं साहित्य झालं. स्टेशनचे खांब, जिन्याचे कठडे, बागेतले बाक, शिवणयंत्राचे पाय, रस्त्यावरचे दिवे, सगळं बिडाचं.

हे सामान वऱ्हाडात यायचं कारण कापूस. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मागोमाग रेल्वे आली. 1867 मध्ये ती नागपूरला पोहोचली, 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला. गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि परतीच्या गाड्यांतून विलायती माल आत येऊ लागला. त्यात रॉकेल होतं आणि रॉकेलवर जळणारे दिवे होते. तोवर घरोघरी, देवळात, मशिदीत करडई, जवस, एरंडीचं तेल जळत होतं. कापसात ज्याला चार पैसे मिळाले त्यानं आपल्या वाड्यात दिवा टांगला, आणि एक दिवा अल्लाहच्या घरी दिला. आमच्या मशिदींतले बहुतेक जुने टांगते दिवे हे असे, त्या कापसाच्या पैशातून आलेले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे वस्तूबरोबर शब्दही दिसतात. 'रॉकेल' म्हणजे इंग्रजी रॉक ऑइल, 'घासलेट' म्हणजे गॅसलाइट, 'चिमणी' ही त्या दिव्याची काच. 'कंदील' अरबी 'किंदील'वरून आला. त्याच्याही मागे गेलं तर तो ग्रीक-लॅटिन 'कांदेला'शी जाऊन पोहोचतो. दिवाळीला दारावर जो आकाशकंदील लागतो, त्यातला अर्धा शब्द अरबी आहे. 'मशाल' अरबी. 'समई'चं नातंही अरबी-फारसी 'शमा'शी, म्हणजे मेणबत्तीशी, जोडलं जातं. उजेडाच्या बाबतीत या मुलखातल्या माणसांनी एकमेकांकडून किती घेतलं, हे सांगायला वेगळा पुरावा लागू नये. पण शब्द टिकले आणि वस्तू भंगारात गेल्या, अशी आपली अवस्था आहे.

आता दीनच्या बाजूनं पाहू. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण जे कुठल्याही मदरशात शिकवलं जातं ते सांगायला हरकत नसावी. मदीनेच्या मशिदीत सुरुवातीला खजुराची वाळलेली पानं पेटवून उजेड करत. तिथे पहिल्यांदा दिवे लावले ते हजरत तमीम दारी (रजि.) यांनी, अशी नोंद हदीसमध्ये आहे. हे तमीम दारी मूळचे शाम देशाकडचे, आधी ख्रिस्ती होते, नंतर इस्लाममध्ये आले. म्हणजे मशिदीतला पहिला कंदील बाहेरच्या मुलखाची रीत घेऊन आला आणि मशिदीनं तो आपला मानला. दुसरी एक हदीस अशी आहे की मैमूना (रजि.) या सहाबी महिलेनं बैतुल मुकद्दसबद्दल विचारलं, तेव्हा जिला तिथे जाऊन नमाज पढणं शक्य नाही तिनं तिथल्या दिव्यांसाठी तेल पाठवावं, असं प्रेषित (स.) यांनी सांगितलं. मशिदीच्या दिव्याला दीनमध्ये केवढी जागा आहे, ते यातून कळतं. कुरआनात तर एका सूरहचं नावच 'नूर' आहे आणि तिच्यात अल्लाहच्या नूरसाठी दृष्टान्त आला आहे तो कोनाड्यातल्या दिव्याचा.

मशिदीला दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही, तशी ती कमिटीचीही होत नाही. चटया आणि असंच इतर सामान निरुपयोगी झालं तर काय करावं, यावर हनफी फुकहांनी पूर्वीच विचार करून ठेवला आहे. इमाम मुहम्मद यांच्या मते ती वस्तू देणाऱ्याकडे परत जाते. इमाम अबू यूसुफ यांच्या मते ती दुसऱ्या गरजू मशिदीत नेली जाते. दोघांची मतं वेगळी, पण वस्तूची चौकशी झाली पाहिजे यावर दोघं एक. आधी विचारा की ही कुणी दिली, कशासाठी दिली, अजून कुठे कामी येईल का. आपल्याकडे हा प्रश्न न विचारताच वजनकाटा येतो.

कायदाही हेच सांगतो. 1995 च्या वक्फ कायद्यात वक्फची व्याख्या करताना स्थावर आणि जंगम अशी दोन्ही प्रकारची मालमत्ता धरली आहे. जमीन जशी वक्फ होते तसा दिवाही होतो. आणि 1972 चा पुरावशेषांबाबतचा जो केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरते. तिच्या खरेदी-विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, ती देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. प्रत्येक गावानं दिवा उचलून सरकारी कचेरीत जावं असं मी म्हणत नाही. पण ज्या वस्तूला देशाचा कायदा वारसा म्हणतो, तिला आपण किलोच्या भावानं काढतो, एवढं तरी माहीत असावं.

2025 मध्ये वक्फचा कायदा बदलला, 'उमीद' पोर्टलवर मालमत्तांच्या नोंदी करायची वेळ आली, आणि गावोगावचे मुतवल्ली कागद शोधत फिरले. औरंगाबादला पाणचक्कीतल्या वक्फ बोर्डाच्या कार्यालयापर्यंत खेटे झाले. जुना सातबारा, जुनी सनद, जुनं गॅझेट, काहीही चालेल पण मशीद जुनी आहे हे दाखवणारं काहीतरी हवं. एका मशिदीतला दिवा मात्र वाचला होता, तो एका घराच्या माळवदावर पडून होता. त्यावरचा ऑइल पेंट काढला तेव्हा खाली रिव्हेटनं ठोकलेली पितळेची पट्टी निघाली. मला वाचायला बोलावलं. देणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं. फक्त मशिदीचं नाव, 'वक्फ' हा शब्द आणि हिजरी सन. सन शंभर वर्षांहून जुनं. कोर्टात ती पट्टी किती टिकेल ते वकील जाणोत. पण पाच थरांच्या रंगाखाली गावाचा एक कागद होता आणि तो कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता, एवढं खरं. भंगारात गेलेल्या दिव्यांवर काय लिहिलं होतं, ते आता कोण सांगणार? आमच्या शेजारचं जालना सळईच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या भट्ट्या भंगारावर चालतात. बिडाचं भंगार ओतकामाच्या भट्टीत जातं. एकदा वितळलं की त्यावरचं अक्षर काय आणि नक्षी काय, सगळं सारखंच.

माझ्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकले आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. पहिला आक्षेप सादगीचा. मशीद साधी असावी, नक्षीकामानं नमाजातलं लक्ष विचलित होतं. मान्य. पण मग ज्या मशिदीतून बिडाचा काळा दिवा सादगीच्या नावानं काढला, तिथे रंग बदलणारं प्लास्टिकचं झुंबर कसं आलं? मिहराबीवर पळणारी दिव्यांची माळ कशी आली? सादगीचा नियम जुन्याला लागतो आणि नव्याला लागत नाही, हे काही बरोबर नाही. दुसरा आक्षेप धोक्याचा. जड दिवा डोक्यावर पडला तर? हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गंजलेल्या साखळीवर, कुजक्या तुळईला टांगलेला दिवा आजच उतरवावा, उद्याची वाट पाहू नये. पण उतरवणं वेगळं आणि विकणं वेगळं. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचं उत्तर पुढे दुरुस्तीच्या ओघात येईलच.

उतरवून ठेवल्यानं काय होतं, याचं मोठं उदाहरण मुंबईत आहे. धोबीतलावला, आजच्या मेट्रो सिनेमाच्या चौकात, 1867 मध्ये एक बिडाचं कारंजं आणि त्यावर दिव्यांचा उंच खांब उभारला गेला. तेव्हाचे गव्हर्नर सेमूर फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला दिलं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती, 1865 मध्ये ते सुरू झाले होते. सुमारे चाळीस फूट उंचीचा हा दिवा इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या ईगल फाउंड्रीत ओतलेला. 1960 च्या सुमारास वाहतुकीला अडथळा होतो म्हणून तो काढला. पण काढताना तुकडे वितळवले नाहीत. भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ते ठेवून दिले. तिथे ते कित्येक दशकं ऊनपाऊस खात पडले. अलीकडे महापालिकेनं ते जोडले, दुरुस्त केले, आणि साठेक वर्षांनी तो दिवा पुन्हा त्याच चौकात उभा राहिला.

याच कारखान्यानं ओतलेला त्याचा जुळा भाऊ खुद्द नॉर्थॅम्प्टनच्या बाजारपेठेत होता. तो धोकादायक झाला म्हणून 1962 मध्ये मोडीत काढला. आज ज्या गावानं तो घडवला त्या गावात तो नाही, आणि आपल्या मुंबईत आहे. मुंबईवाले फार शहाणे होते असं नाही. कुणीतरी फक्त एवढं म्हटलं असेल की विकू नका, आवारात ठेवून द्या. एवढ्या एका वाक्यावर दीडशे वर्षांची वस्तू तगली.

ज्या संग्रहालयानं तो सांभाळला त्याचीही हीच कथा आहे. 1872 मध्ये लोकांसाठी उघडलेली ती इमारत आतून बिडाच्या नक्षीदार खांबांची आणि कठड्यांची आहे. ती मोडकळीला आली होती. अनेक वर्षांच्या कामानंतर 2008 मध्ये ती पुन्हा उघडली, त्याआधीच 2005 मध्ये युनेस्कोनं त्या कामाचा गौरव केला होता. हैदराबादला चौमहल्ला राजवाड्याच्या खिलवत दरबारात 19 काचेची झुंबरं आहेत. राजवाडा बंद पडला होता, तो नीट करून लोकांना खुला केला आणि 2010 मध्ये त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. तुम्ही म्हणाल, महापालिका कुठे, निजाम कुठे आणि जानेफळसारख्या गावातली जमात कुठे! खरं आहे. त्यांच्याकडे पैसा आणि तज्ज्ञ होते. पण आपला दिवाही चाळीस फुटांचा नाही. तो दोन माणसं उचलतील एवढा आहे, आणि तो नीट करणारे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

वर सांगितलेला पट्टीवाला दिवा नीट होताना मी पाहिला. ते काम एका वेल्डर भाईंनी केलं. एरवी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि गेट बनवतात. त्यांच्याकडून जे कळलं आणि नंतर वाचून जे पडताळलं, ते इथे मांडतो, म्हणजे कुणाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, दिवा कशाचा आहे ते पाहा. लोहचुंबक लावला की पितळ कळतं, त्याला चुंबक चिकटत नाही. बहुतेक दिव्यांत सांगाडा बिडाचा आणि तेलाची टाकी, बर्नर, पट्ट्या पितळेच्या असतात. दोन्हींची साफसफाई वेगळी. बीड कडक असतं पण ठिसूळ. सळई वाकते, बीड वाकत नाही, थेट तुटतं. म्हणून वाकडं दिसलं तरी हातोडीनं सरळ करायला जाऊ नये. भाग हलकेच वाजवून पाहावा. सलग असेल तर टणटणीत वाजतो, भेग असेल तर आवाज फुटका येतो, जसं आपण बाजारात माठ घेताना पाहतो तसं.

दुसरी गोष्ट, जुना रंग. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. लोखंडाला पहिला हात तर शेंदराचाच देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचाच प्रकार. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरनं घासला की ती धूळ नाकातोंडात जाते, आणि लहान मुलांना ती फार घातक. म्हणून रंग काढायचं रसायन लावून किंवा ओलं ठेवून खरवडावं, तोंडाला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरावं आणि पोरांना लांब ठेवावं. खरवडताना हात जपून चालवावा, कारण अक्षरं बहुतेक रंगाखालीच असतात.

तिसरी गोष्ट, गंज. ॲसिड लावलं की गंज पटकन निघतो, म्हणून लोक तेच करतात. पण बिडाला बारीक छिद्रं असतात, ॲसिड त्यात मुरतं आणि चार महिन्यांनी गंज आतून फुलतो. त्यापेक्षा रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशनं घासावं. वेळ लागतो, पण टिकतं. स्वच्छ झाल्यावर लगेच कोरडं करून गरम धातूवर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा किंवा प्राइमर मारून काळा रंग द्यावा. एक इशारा, जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात.

चौथी गोष्ट, तुटलेला भाग. साध्या वेल्डिंगच्या रॉडनं बीड जोडलं की जोडाच्या शेजारीच नवी भेग पडते. त्यासाठी निकेलचा रॉड लागतो. तुकडा आधी सगळीकडून तापवावा लागतो, आणि जोडल्यावर गरम राखेत पुरून सावकाश थंड करावा लागतो. किंवा पितळ वितळवून डाख द्यावा, तो दिव्यासारख्या हलक्या कामाला पुरतो. एखादं पान किंवा फांदी पूर्णच गेली असेल तर शिल्लक असलेल्या फांदीचा नमुना वापरून वाळूच्या साच्यात नवी ओतता येते. ओतलेलं बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा धरावा लागतो. कोल्हापूरकडे ओतकामाचे इतके कारखाने आहेत की महाराष्ट्रात हे काम अवघड नाही.

शेवटची गोष्ट, टांगणं आणि वीज. जुनी साखळी फक्त शोभेला ठेवावी, वजन नव्या पोलादी साखळीवर घ्यावं, आणि सोबत एक वेगळी सुरक्षेची साखळी असावी. हुक स्लॅबच्या आरपार जाऊन वर प्लेटला आवळलेला हवा. दिवा चढवण्याआधी त्याच्या दुपटी-तिपटीच्या वजनाची वाळूची पोती दोन दिवस टांगून पाहावी. वायर नवी, तीन तारांची, आणि अर्थिंग सोडू नये, कारण सगळा सांगाडाच धातूचा आहे. वायर नेण्यासाठी जुन्या भागाला भोकं पाडू नयेत, ती साखळीतून नेता येते. काढलेला बर्नर पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवावा. दिवा एलईडीचा आणि पिवळसर उजेडाचा घ्यावा. तो कमी तापतो, कमी वीज खातो आणि डोळ्यांना बरा वाटतो. उजेड आजचा आणि सांगाडा जुना, यात काहीच विसंगती नाही.

या सगळ्याला वेल्डर भाईंना कामं सांभाळून पंधरा दिवस लागले. त्यांनी मजुरी अर्धीच घेतली, बाकीची सवाबच्या नियतीनं सोडली. पूर्ण घेतली असती तरी खर्च एका नव्या चकचकीत झुंबरापेक्षा कमीच झाला असता. नव्या झुंबराचं प्लास्टिक चार वर्षांत पिवळं पडतं आणि सर्किट गेलं की ते दुरुस्त होत नाही, फेकावं लागतं. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नेमकी कशात आहे, ते आपण ठरवावं.

यात मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शिकलगार, कलईगार, लोहार, वेल्डर, काच बसवणारे अशी हातांची कामं करणारे लोक आपल्या समाजात आजही आहेत. कलईगाराचं काम तर जवळपास संपलंच. आपण त्यांच्या मुलांना सांगतो, बेटा शीक आणि या कामातून बाहेर पड. मीही वर्गात तेच सांगतो आणि सांगत राहीन. पण शिकलेल्या पोरानं बापाच्या हातातली विद्या वाचून, समजून, पुढे नेली तर तेही शिक्षणच आहे. जुन्या इमारती आणि जुन्या वस्तू नीट करणाऱ्या कारागिरांची मोठ्या शहरांत गरज आहे. आयटीआयमधून वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला बीड जोडता आलं तर त्याच्या हातात चार लोकांना न येणारं काम असेल. त्याची पहिली उमेदवारी गावच्या मशिदीच्या दिव्यावर का होऊ नये? आणि देवळातल्या दिव्यावरही का होऊ नये? तिथेही जीर्णोद्धार चालू आहेत आणि तिथलंही जुनं सामान त्याच काट्यावर येतं.

म्हणून आपल्या भागातल्या सगळ्या मुतवल्ली साहेबांना आणि कमिटीच्या भावांना माझी विनंती आहे. मशीद उतरवण्याआधी आतल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि एका वहीत यादी करा: दिवे, हंड्या, घड्याळ, लाकडी मिंबर, पाट्या. अक्षरं असतील तर वाचून घ्या. उर्दू-फारसी वाचणारा शिक्षक जवळपासच्या कुठल्या ना कुठल्या शाळेत मिळेल, आणि तो याचे पैसे मागणार नाही. जुमाच्या नमाजीनंतर जमातीला विचारल्याशिवाय कुठलीही जुनी वस्तू विकू नका. नीट करायला आज पैसे नसतील तर नीट करू नका. कोरड्या जागी, पोत्यात गुंडाळून, नाव लिहून ठेवून द्या. फिट्झगेराल्डचा दिवा साठ वर्षं थांबला, आपलाही थांबेल. तुमच्या मशिदीत लावायचा नसेल तर अबू यूसुफांच्या मतानं जिथे हवा आहे त्या मशिदीला द्या.

आपल्या समाजात वक्फच्या मोठ्या जमिनींवर सभा होतात, मोर्चे निघतात, आणि ते योग्यच आहे. त्या जमिनी वाचवायला वकील लागतात, वर्षं लागतात, आणि निकाल आपल्या हातात नसतो. हा दिवा मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. ज्यानं तो दिला त्यानं कापसाच्या हंगामातले पैसे बाजूला काढले, बैलगाडीतून तो आणला आणि आपलं नावही त्यावर घातलं नाही. आपण निदान तो कोणाला न विचारता तोलू नये.